डबल कॉर्कम आणि शेवईएवढी तार

आमच्या टॅनर्स कोव्ह ह्या किनाऱ्यावरच्या गावात कॉर्कम आडनावाची माणसं इतकी, की धक्क्यावर उभं राहून नुसतं "ए कॉर्कम!" म्हणून ओरडलं तर निम्मं गाव वळून बघेल आणि उरलेलं निम्मं "कुठला?" म्हणून विचारेल. म्हणून इथे प्रत्येकाला एक टोपणनाव चिकटतं, आणि ते माणूस मेल्याशिवाय सुटत नाही. ऑर्विल कॉर्कमचं टोपणनाव होतं डबल. आता हा काही अंगानं दुप्पट नव्हता, चांगला काटकुळा होता. पण हातात घेतलेली कुठलीही वस्तू गरजेपेक्षा दुप्पट जाड केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याच्या कोंबड्यांच्या खुराड्याला जे वासे होते, तसे गावातल्या चर्चलाही नव्हते. त्यानं कापलेल्या पावाचं सँडविच खायला जबडा आधी सैल करून घ्यावा लागे. बर्फ काढणारी गाडी दर हिवाळ्यात रस्त्याकडेच्या टपालपेट्या पाडत जाते, हा आमच्याकडचा रिवाजच आहे. ऑर्विलच्या पेटीला धडकली तेव्हा गाडीचंच पातं वाकलं. तेव्हापासून तो ड्रायव्हर त्या घरापुढून गाडी चालवतो ती आजारी माणसाच्या खोलीतून चालावं तशी.

ह्या जाडपणाच्या वेडाला कारण होतं. ऑर्विलनं उभी नोकरी वीज कंपनीत काढली, तीही खांबावर. हिवाळ्यात तारांवर बर्फ चढतो, तार लोंबते, आणि बारीक असली की तुटते. ती तुटली की ऑर्विलच्या घरचा फोन वाजायचा. तो ताटावरून उठायचा, बूट चढवायचा आणि वादळात निघून जायचा. बारीक तारेनं आपलं किती वेळा गरम जेवण घालवलं, ह्याचा राग त्याच्या मनात कायमचा बसला होता.

त्याची बायको व्हर्ना हिचा राग निराळाच होता. त्यांचं घर रस्त्याच्या अगदी शेवटी, लाइनच्या शेवटच्या खांबावर. त्यामुळे नवरा गेला की आधी लुनेनबर्ग शहर उजळायचं, मग मधली गावं, मग धक्का, मग चर्च, मग शेजारी, आणि सगळ्यांत शेवटी तारवाल्याचं घर. तोवर व्हर्ना रॉकेलच्या दिव्याशी बसून विणायची. भावाकडच्या मेंढ्यांची काळी लोकर होती, तिचा नवऱ्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता तिनं. वीज असली की घरात कामं असायची, म्हणून हा स्वेटर फक्त वीज गेली की बाहेर निघायचा. किती वर्षं चालला होता हे विचारायची कुणाची छाती नव्हती. काळ्या लोकरीत, काळोखात, रॉकेलच्या वासात टाके मोजणारी बाई नवऱ्याबद्दल काय काय म्हणत असेल, ते मी इथे लिहीत नाही.

निवृत्त झाल्यावर ऑर्विलनं जुनी लॉबस्टरची बोट घेतली आणि रीतीप्रमाणे तिला बायकोचं नाव दिलं: 'व्हर्ना सी.' खरी व्हर्ना मात्र त्या बोटीवर एक रात्रही राहिली नव्हती, कारण केबिनमध्ये पुन्हा तोच रॉकेलचा दिवा टांगलेला. त्यातच हॅलिफॅक्सचा एक दंतवैद्य दोन उन्हाळे त्या बोटीभोवती घुटमळत होता. त्याला ती विकत घेऊन वर फुलांच्या कुंड्या ठेवायच्या होत्या. कुंड्यांचं नाव काढलं तरी ऑर्विल ताटावरून उठायचा.

ऑगस्टात एका संध्याकाळी आंबवलेला कोबी आणि पुडिंग नावाचं मटणाचं सॉसेज वाढता वाढता व्हर्नानं फर्मान काढलं.

"शनिवारी येते मी तुझ्या बोटीवर. रात्रभर राहीन. पण माझ्या बिछान्याशी धड दिवा पाहिजे. त्या दिव्यात मला काळ्या लोकरीचे टाके मोजता आले, तर बोट राहिली. नाही आले, तर रविवारी सकाळी मी त्या दातवाल्याला फोन करणार."

"एवढंच?" ऑर्विल हसला. "अगं, अख्ख्या जिल्ह्याला उजेड दिलाय मी."

"हो ना. जिल्ह्याला दिलास," व्हर्ना म्हणाली आणि कोबीचं भांडं त्याच्यापुढे जरा जोरातच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो बोटींच्या सामानाच्या दुकानात गेला. दुकान जोॲनी वॉम्बॅकचं. चाळिशीची बाई, बोलायला तिखट, पण मोठ्या माणसांचा मान राखणारी. ऑर्विलनं पाच छोटे दिवे घेतले. हे नवे दिवे चपट्या बटणाएवढे असतात आणि वीज म्हणाल तर नावाला खातात.

"आणि तार सोळा नंबरची देते, काका," जोॲनी म्हणाली. तिनं वेटोळं काउंटरवर ठेवलं. लाल आणि काळी अशी दोन पदरी तार होती.

ऑर्विलनं ती दोन बोटांत धरली, उचलली, खिडकीशी नेली. "ही तार आहे?"

"मग काय आहे?"

"शेवई आहे. उकळत्या सुपात घाल."

"अहो काका, पाचही दिवे मिळून तुमच्या फ्रिजमधल्या बल्बाएवढी वीज घेत नाहीत. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाऊन परत यायचं अंतर धरलं, तरी ह्या तक्त्यात बघा, याहून बारीक तारेनं भागतं. सोळा नंबर मी देते ते विजेसाठी नाही, बळकटीसाठी. उद्या कुणी तिच्यावर ओला कोट टांगला तर तुटू नये म्हणून."

"तक्त्यानं कधी बर्फातली लाइन बघितलीय?"

"तुमच्या केबिनमध्ये बर्फ पडतो का?"

वादात हरला की ऑर्विल टोपी घालायचा. त्यानं टोपी घातली, दिवे घेतले आणि शेवई काउंटरवर ठेवून बाहेर पडला.

घरी तळघरात त्याच्याकडे स्वयंपाकाच्या विजेच्या शेगडीला लावतात ती जाडजूड तार उरलेली होती. अंगठ्याएवढी जाड, आणि वाकवायला गेलं तर उलट आपल्यालाच वाकवणारी. तिच्यावर पाच बटणाएवढे दिवे लावायचे म्हणजे नातवाच्या पतंगाला बोटीचा दोर बांधण्यासारखंच होतं. पण ऑर्विलच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान दिसलं.

दोन दिवस धक्क्यावर फुकट करमणूक झाली. ऑर्विल केबिनमध्ये तारेशी कुस्ती खेळत होता आणि लेस्टर नॉक बाहेर उलट्या खोक्यावर बसून समालोचन करत होता. हा लेस्टर जन्माचा मच्छीमार आणि ऑर्विलचा शाळेपासूनचा दोस्त, म्हणजे अपमान करायचा परवानाधारक.

"डबल, मासा लागलाय की तार?"

"गप बस."

"नाही, आवाजावरून मोठा वाटतोय म्हणून विचारलं. जाळं आणू?"

आतून धाडकन आवाज झाला. तारेचं एक टोक सुटून ऑर्विलच्या टाळक्यात बसलं होतं.

"बोट डाव्या अंगाला कलायला लागलीय रे," लेस्टर मान तिरकी करून म्हणाला. बोट मुळीच कलली नव्हती. पण संध्याकाळपर्यंत गावभर झालं की डबलनं तांबं भरभरून बोट बुडवायला आणली आहे, आणि दोनचार पोक्त माणसं काठी टेकत खास बघायला आली.

शेवटी खरी पंचाईत झाली ती दिव्यापाशी. दिव्याच्या पाठीतून ज्या दोन तारा निघाल्या होत्या, त्या केसासारख्या बारीक. त्या अंगठ्याएवढ्या तारेला त्या केसानंच जोडून घेणं भाग होतं. लेस्टरनं डोकावून बघितलं आणि खो खो हसत सुटला. "सगळीकडे हमरस्ता, आणि घरापाशी आल्यावर पायवाट! लेका, वीज जाणार शेवटी त्या पायवाटेनंच ना?"

"जाईल तेवढी तरी ताठ मानेनं जाईल," ऑर्विल म्हणाला.

आणि खरंच, बटण दाबल्यावर पाचही दिवे लख्ख लागले. ऑर्विलनं छाती काढून लेस्टरकडे बघितलं. लेस्टरनं कॉफीचा मग भरून घेतला आणि टेबलाशी बसला. मग ऑर्विलला काय अवदसा आठवली कोण जाणे, "चल, खाडीच्या तोंडापर्यंत एक चक्कर मारू" म्हणून त्यानं इंजिन सुरू केलं.

जुनं डिझेल इंजिन, सुरू झालं की सबंध बोटीला हुडहुडी भरते. बारीक तार असती तर बोटीबरोबर थरथरली असती आणि विषय संपला असता. पण ही ताठ मानेची तार. ती थरथरायची नाही, हिसके द्यायची. पहिल्याच हिसक्याला टेबलावरचा दिवा छतातून उखडला आणि डुबुक करून लेस्टरच्या कॉफीत पडला.

लेस्टरनं मगात बघितलं. "चार राहिले," तो म्हणाला.

खाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत एकच राहिला होता, आणि परत येताना तोही त्या केसाला लोंबकळून विझला. धक्क्यावर उभ्या असलेल्या पोक्त माणसांनी काही विचारलं नाही, ह्याचंच ऑर्विलला जास्त लागलं. तो घरी गेला, जेवला नाही, आणि गच्चीसारख्या भक्कम बांधलेल्या आपल्या व्हरांड्यात पाठ फिरवून बसून राहिला. त्याला बोट जाताना दिसत होती. तिच्यावरच्या कुंड्यासुद्धा दिसत होत्या, त्यात जिरेनियमची लाल फुलं होती.

जोॲनीकडे परत जायचं म्हणजे नाक कापून घ्यायचं. व्हर्नानं हे ओळखलं आणि तिनं स्वतःच पर्स उचलली. हे तिनं का केलं, असं मी तिला एकदा विचारलं होतं. म्हणाली, "अट माझी होती. जिंकायचं तर धड जिंकावं, हा आधीच आडवा झालेला."

दुकानात जोॲनीनं तिच्यापुढे तीन वेटोळी ठेवली. "चौदा, सोळा, अठरा. मावशी, ह्यात एक गंमत आहे बरं का. नंबर मोठा तेवढी तार बारीक. लोक हमखास चुकतात."

"त्यात गंमत कसली, पोरी? माझ्या आईच्या विणायच्या सुयांचे नंबर असेच होते. मोठ्या नंबरनं पायमोजे, छोट्या नंबरनं घोंगड्या. त्या अमेरिकन सुयांनी सगळं उलटं करून ठेवलं, तेव्हापासून गावात एकाचं डोकं टोपीत मावत नाही." व्हर्नानं सोळा नंबर बोटावरून फिरवला. "ऑर्विल चौदा घेईल. अठरा मी घेतली तर तो आजारी पडेल. हीच दे."

घरी येऊन तिनं वेटोळं ऑर्विलच्या मांडीवर टाकलं. "ही घे लोकर. आता तू विण."

शुक्रवारी ऑर्विल आणि लेस्टर दोघं मिळून बसले. वेळ थोडा होता, म्हणून कामाची वाटणी केली: लेस्टर दिव्यांकडची टोकं जोडणार, ऑर्विल बॅटरीकडची. मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तशी ती तार धरून ऑर्विलनं स्क्रू आवळले, गरजेपेक्षा दुप्पट. बॅटरीवर चढवायची एक जोडणी तेवढी उरली. ती उद्या व्हर्ना येईल तेव्हा करू, म्हणाला. खरं म्हणजे त्याला शेवईचा फजितवाडा व्हर्नाच्या डोळ्यांदेखत व्हायला हवा होता, असा माझा दाट संशय आहे.

शनिवारी दुपारपासून धुकं उतरलं. आमच्याकडचं धुकं म्हणजे धक्क्यावर उभं राहून आपली स्वतःची बोट हाका मारून शोधावी लागते. संध्याकाळी व्हर्ना विणकामाची पिशवी घेऊन केबिनमध्ये आली, बिछान्यावर बसली, काळा स्वेटर मांडीवर पसरला आणि म्हणाली, "हं."

लेस्टर आपला कॉफीचा मग घेऊन टेबलाशी हजर होताच. ऑर्विलनं शेवटची जोडणी चढवली. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पाचही दिवे मख्खपणे बघत राहिले.

"बघितलं?" ऑर्विल उसळून म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतका आनंद होता की व्हर्नानं वर बघितलं. "बघितलं? मी काय सांगत होतो? ह्या शेवईतनं वीज चढतच नाही! तक्ते दाखवतात मला!"

"बोट गेली की रे तुझी," लेस्टर हळूच म्हणाला.

ऑर्विलचा हात हवेतच थांबला. ही गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती. तार हरली म्हणून तो इतका खूश झाला होता, की त्या तारेबरोबर आपण हरलो हे त्याला कळलंच नव्हतं. तो केबिनच्या पायरीवर बसला.

अंधारात व्हर्नाचा आवाज आला. तो चिडका नव्हता, थकलेला होता. "म्हणजे ह्याही खेपेला मी काळोखातच."

ऑर्विल चटकन उठला. विजेरी घेऊन तो बॅटरीकडे वाकला, मग दिव्याकडे, मग पुन्हा बॅटरीकडे. आणि मग काळ्या तारेचा बोटानं माग काढत दिव्यापासून बॅटरीपर्यंत आला.

"लेस्टर," तो शेवटी म्हणाला, "तू काळी तार दिव्याच्या कुठल्या बाजूला लावलीस?"

"परतीच्या. दुसऱ्या कुठल्या? काळी म्हणजे परतीची, बॅटरीकडे परत येणारी. बोटीवर जन्मल्यापासून माझ्या बापानं हेच शिकवलं."

"काळी म्हणजे जिवंत! इथल्या घराघरात काळीच जिवंत असते, वीज घेऊन येणारी. काळीला हात लावला की मेलास, हे माझ्या साहेबानं मला पहिल्या दिवशी शिकवलं."

"हे घर आहे का?"

दोघंही आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर होते. लेस्टरनं आपल्या टोकाला बोटीचा कायदा लावला होता, ऑर्विलनं आपल्या टोकाला घराचा, आणि मधली बिचारी सोळा नंबरची तार उलटी वीज घेऊन उभी होती. जुना बल्ब असता तर उलटसुलट कशानंही पेटला असता. हे बटणाएवढे दिवे मात्र सुलट आली तरच वीज घेतात. तारेचा काही म्हणजे काही दोष नव्हता.

आता प्रश्न एवढाच होता की पाच दिव्यांची टोकं बदलायची की बॅटरीकडचं एक. बॅटरीकडचं बदलायला क्षणभर लागलं असतं, पण त्यासाठी ऑर्विलला आपल्या हातानं काळी तार परतीची म्हणून लावावी लागणार होती. उभ्या नोकरीत जिवंत म्हणून जिला भ्यायला तो शिकला आणि शिकवत आला, तिला. लेस्टरनं स्क्रूड्रायव्हर पुढे केला.

"ऑर्विल," व्हर्ना म्हणाली, "तू जायचास ते मला कधी कळायचं नाही, फोन वाजला की तू नसायचास. परत यायचास तेवढं कळायचं. परतीचं काय ते मला विचार, काळोखात वाट बघितलीय मी. ती काळीच असते."

ऑर्विलनं टोपी काढली. घातली नाही, काढली. स्क्रू सैल केले, काळी तार परतीला लावली, लाल जिवंतला, आणि बटण दाबलं.

केबिन उजळली. पाचही दिवे इतके शांत आणि स्वच्छ लागले की लेस्टर आपला कॉफीचा मग छातीशी धरून दिव्याखालून बाजूला सरकला. व्हर्नानं स्वेटर उचलून दिव्याखाली धरला. ती बोटानं टाके मोजू लागली. ऑर्विल तिच्या ओठांकडे बघत होता. ती मोजत गेली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं आणि एकदम ओरडली.

"अरे देवा!"

"काय झालं? दिसत नाही?"

"दिसतंय! म्हणून तर! ही बाही बघ. दुसरीपेक्षा वीतभर लांब आहे. आणि इथे पाठीवर एक टाका सोडलाय, तो कितव्या वादळात सोडला कोण जाणे. अरे, हा काय स्वेटर आहे?"

"मला चालेल," ऑर्विल घाईघाईनं म्हणाला. "खरंच चालेल. एक हात लांब करून चालेन."

"तुला चालेल, मला नाही चालायचं. उजेडात बघितल्यावर चालत नसतं. उसवायला हवा सगळा." तिनं चष्मा वर सरकवला. "बोट राहू दे. हे काम एका रात्रीत होण्यातलं नाही."

लेस्टरनं दारात उभं राहून नाक शिंकरलं, आणि धुक्यानं सर्दी होते असं कुणी न विचारता सांगितलं. मग तो बाहेर बघून म्हणाला, "अरे, धक्का कुठे गेला?"

धुक्यातून अंधुक दिसणारे धक्क्यावरचे दिवे गेले होते. चर्चचे गेले होते. सबंध टॅनर्स कोव्ह गेलं होतं. धुक्यात कुणीतरी ट्रक खांबावर घातला असणार, असं नेहमीच होतं. त्या सगळ्या काळोखात उजेड असलेली जागा एकच होती, ही बोट.

ऑर्विलचे पाय आपोआप हलले. नोकरी सुटून वर्षं झाली होती, पण पायांना ते कुणी कळवलं नव्हतं. त्याचा हात बुटांकडे गेला.

"ऑर्विल," व्हर्ना म्हणाली. "हात पुढे कर."

त्यानं मुकाट्यानं दोन्ही हात पुढे केले. व्हर्नानं लांब बाहीचं टोक सोडलं आणि उसवलेली काळी लोकर त्याच्या दोन्ही मनगटांभोवती गुंडाळायला सुरुवात केली. एक वेढा, मग दुसरा, मग तिसरा. ऑर्विलनं एकदा दाराकडे बघितलं, एकदा आपल्या हातांकडे.

"फार बारीक आहे गं ही," तो म्हणाला.

"पुरते," व्हर्ना म्हणाली. "बस खाली."

तो बसला.